बाईंनी ऐकलेली शेवटची सिद्धता

बाई, तुम्हाला मातीत ठेवून आलो त्याला अजून पंधरवडाही झाला नाही, आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "भांड, पण मुद्द्याचं भांड." मुद्द्याचंच आहे. फक्त तिथवर यायला मला जरा वेळ द्या. 

त्या दिवशी शिरूरच्या चर्चमध्ये सगळे तुमच्याबद्दल बोलले. पाळकसाहेब बोलले, मिशनच्या शाळेत तुम्ही शिकवलेल्या, आता लेकुरवाळ्या झालेल्या मुली बोलल्या. मग पुण्याहून आलेले आमचे सर उभे राहिले. कॉलेजात तुमच्याबरोबर गणित शिकलेले, आता विद्यापीठात आमच्यासारख्यांना संशोधनाला घेणारे सर. ते म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्यांची एकही सिद्धता शिरूरला जाऊन आल्याशिवाय मी टाइप करायला दिली नाही. आणि बाईंच्या कानावर पडलेली चुकीची सिद्धता कधी सुटली नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी मान खाली घालून बसले, कारण एक सुटली होती आणि ती माझी होती.

मला आठवतं, सरांनी पहिल्यांदा तुमच्याकडे पाठवलं तेव्हा माझा संताप संताप झाला होता. एम. ए. होऊन, आईची समजूत काढून, संशोधनाला नाव घातलं होतं. दौंडच्या रेल्वे कॉलनीतली पोरगी, माझे वडील, अण्णा, लोको शेडमध्ये फिटर, आणि मी रोज पॅसेंजरनं पुण्याला जाऊन मोठी गणिती होणार होते. तर सर म्हणाले, आधी शिरूरला जा, सुरुवात कशी करायची ते बाई सांगतील. म्हणजे गाडीनं पुण्याला जायचं सोडून एसटीत धक्के खात शिरूर, तेही एका शाळेतल्या बाईंकडे. तुम्ही अंगणात तांदूळ निवडत होतात. विचारलंत, कशावर काम करणार? मी घोकून ठेवलेलं लांबलचक नाव सांगितलं. तुम्ही खडा काढून टाकलात आणि म्हणालात, "बरंच मोठं आहे. यातलं सगळ्यात लहान काय आहे?" मी तेच नाव पुन्हा सांगितलं. "मग जेवून जा," म्हणालात. मी जेवले, आणि परतीच्या एसटीत दौंड येईपर्यंत तुम्हाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं, पण तुम्हाला ठाऊक असणार.

तुमची रीत कुणाला सांगितली तर पटत नाही. वही शांतामावशींकडे ठेवायची. मावशी म्हणजे तुमची धाकटी बहीण, सगळं घर तिच्या हातात. मग रिकाम्या हातानं तुमच्याबरोबर घोडनदीपर्यंत चालायचं आणि चालता चालता सिद्धता तोंडानं सांगायची. कागद नाही, खडू नाही. तुम्ही जमिनीकडे बघत ऐकायचात. कुठं चुकलं ते तुम्ही जन्मात कधी सांगितलं नाहीत, नुसतं "पुन्हा सांग" म्हणायचात. पुन्हा सांगताना माझं मलाच कळायचं की इथं काहीतरी पोकळ वाजतंय. आपण अडलोय कुठं हेही आधी सांगायचं नाही, हा तुमचा नियम. "तू बोट दाखवलंस की मी तिथंच बघणार, आणि चूक दुसरीकडे बसून हसणार."

आणि "हे उघड आहे" असं म्हणायची तर चोरीच होती. मी एकदा म्हणाले, तर तुम्ही भर रस्त्यात उभ्या राहिलात. "कुणाला उघड आहे?" मागून ऊस भरलेली बैलगाडी येत होती, गाडीवान ओरडतोय, "ओ बाई, व्हा की बाजूला," आणि तुम्ही जागच्या हलायला तयार नाही. म्हणालात, "माणूस 'उघड आहे' कधी म्हणतो? त्याला स्वतःला दिसत नसतं तेव्हा." मी तुम्हाला दंडाला धरून बाजूला ओढलं. गाडीवान काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या वर्षी माझं काहीच होईना. बरोबरच्या मुलांचे निबंध छापून यायला लागले होते. मी नदीच्या काठाला बसून रडले. दुसरं कुणी असतं तर पाठीवर हात फिरवला असता. तुम्ही शेजारी बसलात आणि म्हणालात, "रड, पण कशानं अडलंय ते रडता रडता सांग." मी हुंदके देत सांगितलं. शेवटी तुम्ही म्हणालात, "अडलंय कुठं ते कळलं, हेच या आठवड्याचं काम झालं. मंगल, या धंद्यात आपण रोज मठ्ठ असतो. एखाद्या दिवशी नसतो, त्या दिवशी पटकन लिहून घ्यायचं." घरी जा, म्हणालात, आईला पापड लाटू लाग, आणि उद्या सकाळी जे सिद्ध करशील ते दुपारी स्वतःच मोडायला बस. दुपारी आपण आपले वैरी व्हायचं. बाई, मी अजून तसंच करते. नव्यानं आलेल्या मुलांना सांगते तेव्हा ती माझ्याकडे वेड्यासारखी बघतात.

माझा प्रश्नही तुम्हीच शोधायला लावलात. "तुझ्या दारात काय आहे ते बघ," म्हणालात. माझ्या दारात दौंडचं यार्ड होतं. इंजिनं फुसफुसत मालगाडीचे डबे पुढं-मागं ढकलत, एक डबा बाजूच्या रुळावर, दुसरा मुख्य रुळावर. लहानपणापासून मी ते बघत होते आणि कधी बघितलं नव्हतं. त्यातून प्रश्न निघाला. डबे कशाही क्रमानं येऊ देत, ते हव्या त्या क्रमानं लावायला बाजूचे किती रूळ पुरतात? तुम्हाला इतका आनंद झाला की मावशींना हाक मारून बोलावलंत आणि जोंधळ्याचे दाणे पाटावर मांडून दाखवलंत. मावशी म्हणाल्या, "दाणं सांडू नगा म्हंजी झालं."

मग मुंबईच्या एका संस्थेत गणकयंत्र आलं आणि आपलं वाजायला लागलं. मी तिथं जाऊन यंत्राला सूचना लिहायच्या कशा ते शिकून आले, भोकं पाडलेली कार्डं तुम्हाला दाखवायला आणली. तुम्ही कार्ड उजेडात धरून बघितलंत आणि म्हणालात, "मी यंत्र होते. तुझ्या सूचना मला दे." पाटी घेऊन बसलात. मी लिहिलं होतं तेच, एक अक्षर इकडंतिकडं न करता करत राहिलात. उत्तर आलं, तरी तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी म्हणाले, बाई झालं की. तुम्ही ढिम्म. थांबायचं कधी, हे मी लिहिलंच नव्हतं. चहा गार झाला, तुमचं पाटीवर पुसणं-लिहिणं चालूच. मावशी आतून आल्या, घटकाभर बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, काय लिव्हलंस हिला? थांब म्हण, न्हाईतर जेवायची न्हाई ही." मी खाली "थांबा" असं लिहिलं, तेव्हा तुम्ही पेन्सिल ठेवलीत आणि पोट धरून हसलात. तुमचं ते हसणं मला या दिवसांत फार ऐकू येतं.

पण वाद मिटला नाही. किती डब्यांना किती रूळ पुरतात याचा मी बसवलेला नियम यंत्रानं तपासला, दिलेल्या प्रत्येक मांडणीला तो खरा निघाला. मी नाचत शिरूरला आले. तुम्ही म्हणालात, "यंत्रानं 'हो' सांगितलं. 'का' कुणी सांगितलं?" मी म्हणाले, आधी 'हो' तर कळू दे, 'का' नंतर बघू. तुम्ही म्हणालात, 'हो' कळलं की माणूस 'का'च्या वाटेला जात नाही, आळशी होतो. मी म्हणाले, तुम्हाला नवं काही नकोच असतं. हा टोमणा होता, आणि तुम्ही तो पदराला बांधून ठेवलात. मग नाताळात मी करंज्या खायला आले तेव्हा म्हणालात, "पुढच्या मुलींना यंत्र शिकव बरं का, नाहीतर मागं पडतील. पण आधी त्यांना स्वतःला यंत्र होऊन बसू दे." म्हणजे तुम्हाला माझं पटलं होतं की नव्हतं? अर्धं पटलं होतं का? मला नीट बोलायचं होतं यावर. आता मी दोन्ही बाजूंनी एकटीच बोलते, आणि तुमच्या बाजूनं बोलताना मला तुमच्याइतकं चांगलं जमत नाही.

आता मुद्द्यावर येते.

तुम्ही अंथरुणाला खिळल्याचं कळलं आणि मी शनिवारी धावत आले. तुमची खाट ओसरीवर आणली होती. इतक्या वाळला होतात की मला आधी खाटेवर नुसतं पांघरूणच दिसलं. मी ठरवून आले होते, आज गणित नाही, नुसतं बसायचं. पण तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "हात रिकामे कर आणि सांग." मावशी नको नको म्हणत होत्या. तुम्ही ऐकलं नाहीत.

माझी सिद्धता पुरी झाली होती, सर म्हणत होते. प्रबंध द्यायचा, जूनपासून पुण्याच्या कॉलेजात जागा मिळायची, सगळं जुळून आलं होतं. पण त्याच आठवड्यात दुपारी मोडायला बसले होते तेव्हा तिसऱ्या पायरीवर मला भोक दिसलं होतं. शेवटचा डबा बाजूला काढून ठेवायचा आणि उरलेल्यांना तोच नियम लावायचा, असं मी म्हणत होते. पण बाजूला काढलेला डबा हवेत लटकत नाही. तो कुठल्यातरी रुळावर उभा असतो, आणि तेवढा रूळ उरलेल्यांना मोकळा मिळत नाही. भोक बुजतं की सिद्धताच बुडते, मला कळत नव्हतं. तुमच्या नियमाप्रमाणं मी काही बोलले नाही. पहिल्यापासून सांगायला लागले. मला एवढंच हवं होतं की तुम्ही तिथं मला अडवावं. अगदी रागवावं. म्हणजे तुम्ही अजून आहात असं झालं असतं.

तिसऱ्या पायरीवर मी मुद्दाम हळू झाले. तुम्ही आढ्याकडे बघत होतात. मग मी, बाई, चक्क म्हणाले, "हे उघड आहे." तुमच्या तोंडावर म्हणाले आणि थांबले. रस्त्यातून कोंबड्या गेल्या. तुम्ही म्हणालात, "पुढं."

मी पुढं गेले. शेवटपर्यंत सांगितलं. तुम्ही हात पुढं केलात, मी धरला, कढत होता. "झालं गं," म्हणालात, "छान झालं." मावशी म्हणाल्या, "आता बोलवू नगंस तिला, दमली ती." मी एसटी स्टँडवर येऊन भिंतीकडे तोंड करून रडले. इतकी वर्षं तुमच्या तोंडून जे शब्द ऐकायला तडफडले, ते मिळाले आणि मला नको झाले.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही गेलात. मातीच्या दिवशी चर्चच्या बाहेर मावशींनी मला जवळ घेतलं आणि सगळ्यांना सांगत राहिल्या, "जाता जाता मंगलचं काम हातायेगळं करून गेली. समाधानानं गेली माजी बहीण." सरांनी विचारलं, बाईंनी ऐकलं ना सगळं? मी म्हणाले, ऐकलं. काय म्हणाल्या? झालं म्हणाल्या. "मग टाइप करायला दे."

तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. परीक्षकांना कळलं नसतं, कारण तेही ती पायरी वाचून "उघड आहे" म्हणून पुढं गेले असते. माझी जागा पक्की, अण्णा कॉलनीत पेढे वाटायला तयार. आणि तुमचा शब्द शाबूत. सगळं चर्च ज्या शब्दाला मान डोलावत होतं तो शेवटचा शब्द खोटा ठरवायचा, तोही मी? मला झोप लागेना, जेवण जाईना. आई म्हणाली, "बाईंसाठी किती जिवाला लावून घेशील?" तिला काय सांगू?

शेवटी सरांकडे गेले. सांगितलं की तिसरी पायरी टिकत नाही. त्यांनी बघितलं, बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई आजारी होत्या. ही पायरी तू बहुधा त्यांना सांगितली नसशील. गाळली असशील." त्यांनी दार उघडून ठेवलं होतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं, तुमचं नाव राहिलं असतं. मी म्हणाले, "सांगितली होती, सर. शब्द न् शब्द सांगितला होता." सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. एवढा मोठा माणूस, पण खांदे हलत होते. टाइपिंग थांबलं. जूनची जागा दुसऱ्या कुणाला मिळेल. अण्णांना सांगितलं तर ते नुसतं म्हणाले, "व्हय का? बरं. चूक हाय तर मग करा पुन्यांदा."

तर माझं भांडण हे. तुम्हाला ती पायरी कळली नाही की कळली आणि तुम्ही सोडून दिलीत? कळली नसेल तर तुम्ही इतक्या थकला होतात आणि मी तुम्हाला तिथवर चालवत नेलं, याचं मला रडू येतं. पण कळून सोडली असेल, पोरगी लांबून आली, आता कशाला हिचं मन मोडा म्हणून, तर बाई, मला तुमचा राग येतो. तुमची माया मी अशी मागितली नव्हती. मला तुमचा तोच दुष्ट कान हवा होता. माया काय, आई करतेच की.

इथवर लिहून ठेवलं होतं. काल शिरूरला जाऊन आले. मावशींना मीच सांगायला हवं होतं, सरांकडून किंवा दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. मावशी ओसरीवर लसूण सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, की बाईंनी बरोबर म्हटलेलं बरोबर नव्हतं, काम हातावेगळं झालेलं नाही. म्हणाले, मावशी, तुम्हाला त्या गोष्टीचा आधार होता, मला माफ करा.

मावशींनी हातातली पाकळी सोलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मला न्हाई गं आधार. ते मी तुज्यासाटी म्हनत व्हते."

मी विचारलं, म्हणजे काय? त्या म्हणाल्या, "तुला सांगनार नव्हते मी. त्या शनवारी तुजी एसटी गेली, दिवं लावले, आन् मी तिला पेज पाजाय बसले. तर मला इचारती, आज शनवार ना? मी म्हनलं, व्हय. तर म्हनली, मग मंगल कशी आली न्हाई? सारखी दाराकडं बघत व्हती. दुसऱ्या दिवशीबी तेच. मंगल आली का, मंगल आली का. त्या तापात तिला तू दिसलीच न्हाईस, पोरी. कोनाला झालं म्हनली, काय म्हनली, देवाला ठावं."

म्हणजे तुम्ही चुकला नाहीत. सोडूनही दिलं नाहीत. तुम्ही माझी सिद्धता ऐकलीच नाहीत. माझं सगळं भांडण गेलं, आणि ते होतं तोवर निदान बरं होतं. सरांना मी हे कळवीन, तुमच्या नावाला आता काही लागणार नाही. तिसऱ्या पायरीचं मी बघेन, वर्ष जाईल, जाऊ दे. पण तुम्ही दाराकडे बघत होतात त्याचं मी काय करू?

बाई, मी आले होते. तुमच्या खाटेला लागूनच बसले होते.